चौथं ठिगळ

५ एप्रिल, रविवार. जळगाव
पुन्हा आलं कपाळी. अक्काच्या टॅबची सिस्टीम आपोआप अपडेट झाली आणि चित्रं दाबून बोलायचं अ‍ॅप उघडेना. दाजींचा पारोळ्याहून फोन. म्हणजे आता अ‍ॅपची नवी आवृत्ती घ्या, आणि अक्कासाठी मी केलेले बदल, माझी अकरा ठिगळं, तिच्यावर पुन्हा चढवा. फुकटचं, खुलं सॉफ्टवेअर. कुणीही बदला म्हणतात. बदललेलं सांभाळायचं कुणी? दर वेळी ते बनवणारे मूळवाले आत काहीतरी हलवतात आणि माझी शिवण उसवते.
अक्काला झटका येऊन चार वर्षं झाली. वाचा गेली, उजवा हात लुळा, डावा थरथरतो. त्या डाव्या हाताच्या एका बोटावर तिचं सगळं बोलणं. १९ला अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. माहेरी येणार. तोवर झालं पाहिजे.

६ एप्रिल
सकाळी पाच ते सात. ठि. १ ते ३ बसली. ठि. १ म्हणजे संगीताच्या आवाजातले अहिराणी शब्द. बायको धुळ्याची, भर उन्हाळ्यात पंखा बंद करून सगळे बोलून दिले होते बिचारीने. मग कारखाना. पाइपांच्या ऑर्डरी बघताना डोळे मिटत होते. साहेब: "झोप झाली नाही वाटतं?" नाही झाली.

८ एप्रिल
चांगली बातमी, चक्क! बटण जरा वेळ दाबून धरलं तरच घ्यायचं, ही सोय आता मूळवाल्यांनीच दिलीय. म्हणजे माझं ठि. ४ तेच की. काढून टाकलं. एक ओझं कमी.
हेच ठि. चार वर्षांपूर्वी त्यांना पाठवलं होतं. उत्तर: "एकाच माणसाची गरज दिसते." तेव्हाच ठरवलं, ह्यांच्या दारात पुन्हा जायचं नाही. आता स्वतःला सुचलं वाटतं शहाण्यांना.

११ एप्रिल
दहाही ठि. बसली. फाइल पाठवली, दाजींनी फोनवर विचारत विचारत चढवली. अ‍ॅप उघडलं. हुश्श.

१४ एप्रिल
दाजी: "तीन दिन व्हयनात, तुनी बहीन बोलत नही. टॅब उलटा करी ठेवस." म्हटलं सेटिंग बघा. "बठ्ठं बरोबर शे. तीच दाबत नही." सेटिंग सगळं ठीक, म्हणजे रुसली असेल, म्हणालो आणि फोन ठेवला. ठेवला!

१५ एप्रिल. पारोळा
रजा टाकून सकाळच्या बसने. अक्का मला बघून रडली. टॅब पुढे केला तर तोंड फिरवलं. खूप विनवल्यावर 'पाणी' दाबायला गेली. बोट टेकलं, थरथरत जरासं सरकलं, दाबून धरल्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सहा वेळा तेच. मग हात मांडीवर ठेवून दिला.
मूळवाल्यांच्या सोयीत बोट एका जागी स्थिर लागतं. माझ्या ठि. ४ मध्ये बटणाच्या आत कुठेही सरकलं तरी चालायचं. मीच लिहिलेलं, ह्याच ओसरीवर, तिचं बोट बघत बघत. पण का लिहिलं ते कुठे टिपलं नाही. लक्षात राहील म्हणे! गाढव. माझ्या आळसापायी अक्काला पाणीसुद्धा मागता आलं नाही.
ठि. ४ परत घालायचं तर आता ती नवी सोय आडवी येते. तीन सकाळी तरी जाणार.

१९ एप्रिल. आखाजी
अक्का आली. ठि. ४ काल बसलं. सांजोऱ्या, आमरस. अंगणातल्या झोक्यावर बसवलं, मांडीवर टॅब. संगीता झोका देत होती. टॅब म्हणाला, "धीरे." पुन्हा, जोरात, "धीरे!" संगीता हसून हसून खाली बसली. स्वतःच्याच आवाजात स्वतःला ओरडा. किती दिवसांनी हसलो.
दुपारी अक्काला सांगितलं, चूक माझी होती, आणि प्रत्येक अपडेटला हे असं करावंच लागतं. तिने बराच वेळ चित्रं शोधली. "तू." "नही." "मंग." "कोन?"
वाटलं चुकून दाबलं. तिने चारही परत दाबली, त्याच क्रमाने. मी नसलो तर मग हे कोण करणार, असं विचारत होती. मी म्हणालो, सांजोरी घे ना अजून एक. पळपुटा.

२२ एप्रिल
गेलो शेवटी मूळवाल्यांच्या दारात. ठि. ४ पाठवलं. 'कारण' ह्या रकान्यापाशी अडकलो. लांबलचक लिहिलं, खोडलं. शेवटी एवढंच: माझ्या बहिणीचं बोट सरकतं. आणखीही कुणाकुणाचं सरकत असेल.
तेच ह्या वहीतही लिहून ठेवतो. बाकी दहांचं का, ते अजून लिहायचंय.

२६ एप्रिल, रविवार
उत्तर नाही. पुढची आवृत्ती महिनाभरात येतेय म्हणे.
अक्का पारोळ्याला पोचल्यापासून रोज सकाळी फोन. दाजी लावून देतात, बोलतो टॅब. आज: "काय व्हयनं?"
म्हटलं, अजून त्यांचं उत्तर नाही गं अक्का.
"बरं."
मी फोन ठेवायला गेलो. तेवढ्यात पुन्हा, "कोन?"