खडूच्या खुणा

७८६
मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ नोव्हेंबर १९८६

चि. बादशहा यास थोरल्या भावाचा सलाम आणि पोटभर दुवा, वि. वि.

रविवारी येतो म्हणालास आणि आला न्हाईस. शाळामास्तराला रविवारी पण शाळा असती काय रे? मदिनानं तुझ्यासाठी खिमा करून ठेवला हुता, तो दोन दिवस मलाच खावा लागला.

मुंबईला उजव्या गुडघ्यात लोखंडाचा सांधा बसवून आलो त्याला दोन महिने झाले. सहा आठवड्यांत चालाल म्हणाले हुते. चालतो की, पण भिंतीला धरून मोरीपर्यंत. दुखणं असं हाय की चाळीस वर्षं मशीनचं पायडल मारलेला मी माणूस, पोरासारखा अम्मीला हाका मारतो. गोळ्यांनी पोट जळायलंय. यंदाच्या दिवाळीत गल्लीला माझ्या मशीनचा आवाज न्हाय. गिऱ्हाईकं दारातनं तब्येत विचारत्यात आन् कापड घेऊन दुसरीकडं जात्यात. लई वाईट वाटतंय, बादशहा.

आता गंमत ऐक. राजारामपुरीत साजणे डॉक्टर हायत, ते कोलंबोला जाऊन चिनी सुया टोचायची विद्या शिकून आलेत. दुखतोय माझा उजवा गुडघा आन् सुया टोचत्यात अंगठ्याशेजारी, घोट्याजवळ, डाव्या नडगीवर! ऑपरेशनच्या गुडघ्याला मात्र शिवत न्हाईत. तिथं सुई अजिबात चालत न्हाय म्हणाले. जन्मभर दुसऱ्याच्या कापडाला टोचलं, आता माझी पाळी. त्यांच्या सुया अर्धा अर्धा तास उकळत्यात. मी आपली सवयीनं एक उचलून केसांतनं फिरवली, तेल लागून सरळ जावी म्हणून, तर असे ओरडले की बाहेरची माणसं उठून उभी राहिली. अब्बांनी लावलेली सवय, ती काय जाती व्हय? पण खरं सांगतो, दोनच बैठकीत रुपयातलं चार आणे दुखणं कमी हाय.

तुझ्या रशिदाला सांग, तिच्या निकाहाचा शरारा मीच शिवणार. आपल्या घरातली कुठली पोरगी दुसऱ्याच्या हातचं घालून निकाहाला बसली न्हाय, आन् मी हाय तवर बसणार न्हाय. शहाजादीला सलाम.

आपल्या दोघांतली शिवण उसवू देऊ नकोस.
तुझा,
नबीलाल


जयसिंगपूर
१६ नोव्हेंबर १९८६

ती. भाईजान यांचे सेवेशी, बादशहाचा सा. सलाम, वि. वि.

आपलं पत्र मिळालं. सुयांची हकिकत वाचून घरात सगळे पोट धरून हसलो. दुखणं हलकं होतंय हे वाचून जिवाला बरं वाटलं. रविवारी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो, माफी असावी.

मुरगूडच्या मंडळींनी तारीख पक्की केली. आपल्या रशिदाचा निकाह १५ फेब्रुवारीला ठरला आहे. शराऱ्याचं लाल साटीन एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवलं आहे, मिळालं का ते कळवावं. माप पाठवू का म्हणून रशिदा विचारत होती. मी म्हटलं, तुझे बडे अब्बा पोरगी दारातून आत येईपर्यंत माप घेऊन मोकळे होतात.

एक मात्र बजावून ठेवतो. १५ जानेवारीपर्यंत शरारा हाती पडला नाही, तर कापड इथल्या स्टँडजवळच्या टेलरकडे देईन. तो सदरा शिवायला घेतो आणि पिशवी देतो. मग वरातीत मान खाली घालून बसावं लागेल ते तुम्हालाच! चेष्टा सोडा, पण पोरीची आई म्हणून शहाजादीनं खरोखरच घोर घेतला आहे. ती म्हणते, भाईजानना होत नसेल तर त्यांनी तसं सांगावं.

भाभींना सलाम. माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.
आपला,
बादशहा


कोल्हापूर
३ डिसेंबर १९८६

चि. बादशहा यास सलाम आणि दुवा, वि. वि.

साटीन पोचलं. शहाजादीला म्हणावं, होत नसतं तर सांगितलं असतं. तुझ्या त्या पिशवीवाल्याचं नाव परत काढू नकोस, मला लागतंय ते.

कापड बेतलं, कापलं. आठ बैठका झाल्यावर निम्मं दुखणं गेलं हुतं. मशीनवर वीस मिनिटं बसलो बघ! पायडल हललं तेव्हा मदिना स्वयंपाकघरातनं धावत आली आन् तिथंच उभी राहून रडली. पण साजणे डॉक्टरांची आई धारवाडला आजारी पडली. ते तीन आठवडे तिकडं गेले आन् चौथ्या दिवशी दुखणं परत हजर. तारीख तर जवळ येती हाय. मग मी काय केलं ते ऐक.

डॉक्टर कुठं टोचत्यात ते मी पहिल्यापासनं बघून ठेवलेलं. घरी आलो की त्या जागेवर खडूनं खूण करायची, पुसली की परत करायची. आपल्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई घेतली, केसांतनं फिरवली आन् लावली. डॉक्टर सोडत्यात ती जागा पण मी सोडली न्हाय. ऑपरेशनच्या व्रणाला लागून, जिथं ठणकतंय बरोबर तिथंच. उसवलंय एकीकडं आन् टाका दुसरीकडं, असं कुठला शिंपी करतोय? आन् दुखायचं थांबलं, बादशहा! आता रोज सकाळी टोचतो आन् तासभर शिवतो. शराऱ्याच्या घेराच्या दोन कळ्या शिवून झाल्या.

मदिनाला ठाऊक न्हाय. तू शिकलेला हायस म्हणून तुला इचारतो. ह्यात काही चूक हाय काय? तू चूक म्हणालास तर आजपासनं थांबतो.

उत्तर लवकर धाड. जीव लावलायस तसा लावून ठेव.
तुझा,
नबीलाल


जयसिंगपूर
८ डिसेंबर १९८६

ती. डॉक्टर नबीलाल यांचे सेवेशी, बादशहाचा सा. सलाम, वि. वि.

शाब्बास! साजण्यांनी आता धारवाडलाच दवाखाना टाकावा. चूक कसली त्यात? तुमच्या हातची सुई चाळीस वर्षांत कधी वाकडी गेली नाही, ती स्वतःच्या पायात काय वाकडी जाणार? दुखायचं थांबतंय ना, मग झालं तर! भाभींना सांगत नाही, काळजी नसावी.

शाळेत तपासणी आहे, म्हणून चार ओळींतच आटपतो. उरलेल्या कळ्या लवकर होऊ द्या. रशिदा दिवस मोजते आहे.

घाईतही माया कमी नाही, हे जाणून असावं.
आपला,
बादशहा


मुंबई
३० डिसेंबर १९८६

बादशहा भाऊजींना मदिनाचा सलाम. पत्र लिहायची मला सवय न्हाय, चुकलंमाकलं समजून घ्या.

चौदा तारखेला ह्यांना थंडी वाजून ताप भरला. गुडघा सुजून लालभडक झाला. तुम्हाला तार करते म्हणाले तर हेच नको म्हणाले, लग्नाची गडबड हाय, त्याला कशाला घोर. तिसऱ्या दिवशी बरळायला लागले तेव्हा मी कुणाचं ऐकलं न्हाय आन् गाडीत घालून हितं आणलं.

गुडघा परत उघडला. आत पू झालेला. दोनदा धुतला तरी थांबंना, म्हणून बसवलेला सांधा काढून टाकला आन् हाडाला हाड जोडलं. जीव वाचला. पण पाय आता मरेपर्यंत वाकणार न्हाय, दांडक्यासारखा सरळ राहणार. डावा गुडघा पण झिजलाय, त्याला आता कुणी हात लावायला तयार न्हाय.

आत घाण गेली कशी, म्हणून डॉक्टर मला खोदून खोदून विचारत हुते. मी काय सांगू? मग आठवलं, हितं आणल्या दिवशी ह्यांची पँट बदलताना डाव्या नडगीवर निळ्या खडूच्या फुल्या दिसल्या हुत्या. टोपीच्या घडीत सुई सापडली, तेलकट. ते तोंड भिंतीकडं करून पडले. तिथंच मला सगळं कळलं.

भाऊजी, तुम्हाला ह्यातलं काही ठाऊक हुतं काय? ते सांगितलं तर तुम्हालाच सांगणार. पण मी मनाला म्हणते, तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही थांबवलं असतंच की. तुमचा शब्द ते खाली पडू देत न्हाईत.

दुवा करा. आता तेवढंच हातात हाय.
मदिना


जयसिंगपूर
५ जानेवारी १९८७

सौ. भाभींना बादशहाचा सलाम, वि. वि.

पत्र मिळालं. शहाजादीनं दोन दिवस चूल पेटवली नाही. निकाह पुढे ढकलावा म्हणून मुरगूडला निरोप धाडला होता, त्यांचा नकार आला.

आपण विचारलंत म्हणून लिहितो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पहिल्या एस.टी.नं आलो असतो.

भाईजानना भेटायला लवकरच येतो.
बादशहा


कोल्हापूर
१ फेब्रुवारी १९८७

चि. बादशहा यास दुवा, वि. वि.

घरी आलो. तू दवाखान्यात आला न्हाईस, हितं बी आला न्हाईस. मी रागावलो न्हाय.

पाय खाटेवरनं सरळ पुढं येतो, येणाऱ्याजाणाऱ्याला लागतो. मशीनखाली तो जात न्हाय. मोटर बसवा म्हणत्यात. मोटर बसवली तरी मशीनपुढं बसायचं कसं, ते कुणी सांगत न्हाय. मदिनानं मशीनवर चादर टाकली. मी ती काढायला लावली, आन् संध्याकाळी परत टाकायला लावली. साजणे डॉक्टर येऊन गेले. हातात हात घेऊन नुसते बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. सकाळी डोळे उघडले की वाटतंय, कशाला उघडले. कामाशिवाय मला दुसरं काही येत न्हाय, बादशहा. उरलेल्या दिवसांचं मी काय करू?

तुझं पत्र मदिनानं वाचून दाखवलं, तुला काही ठाऊक नव्हतं म्हणून. मी म्हणालो, व्हय, त्याला कुठलं ठाऊक. तुझं डिसेंबरचं पत्र माझ्या उशाखाली हुतं. ते मी धुण्याभांड्याला येणाऱ्या तानाबाईच्या हातनं चुलीत टाकलं, तिला वाचता येत न्हाय. आता तू कुणापुढं तोंड उघडू नकोस. सुई माझ्या हातात हुती. मदिनाला राग काढायला घरातला एक माणूस पुरे हाय, दुसरा तिनं गमवायला नको.

सोबत शराऱ्याचं गाठोडं हाय. तीन कळ्या शिवून झाल्यात. बाकीच्या कापून, खडूच्या खुणा करून ठेवल्यात. तुझ्या त्या स्टँडजवळच्या टेलरला म्हणावं, खुणा सोडून जाऊ नकोस, माप पोरीचं बरोबर हाय. साटीनवर खडू टिकत न्हाय, म्हणून लवकर शिवून घे. आन् रशिदाला सांगू नकोस कुणी शिवलं ते. बडे अब्बांनीच शिवलं म्हण. तुला आता जमंल ते.

चौथ्या कळीला दोरा सुटलाय तिथं खूण म्हणून मी सुई लावून ठेवलीय. ती आधी काढ. पोरीला टोचू देऊ नकोस.

जमंल तेव्हा ये.
नबीलाल