ह्यांचा शेवटचा ठोकळा

३ मार्च
साचा भरताना हे वरून काँक्रीट खोचायचे, मी बाहेरून लाकडी हातोडीने ठोकायचे — आतली हवा निघावी म्हणून. लग्नाचं पहिलंच वर्ष. ह्यांच्या नाकावर सिमेंट लागलं होतं. मी सांगितलं नाही. तसेच बँकेत जाऊन आले!
आज प्रयोगशाळेत ह्यांनी जाण्याआधी भरलेला शेवटचा ठोकळा यंत्रावर चढला. जुळे ठोकळे होते, दोन्हींत एकेक सळई रोवलेली. एक सळई गेल्या आठवड्यात एकदाच ओढून उपटली. ह्या दुसरीला यंत्र ओढणार, सैल सोडणार, पुन्हा ओढणार. सुटेपर्यंत, नाहीतर ठरलेले फेरे पुरे होईपर्यंत.

४ मार्च
लेकीचा फोन. "घर विकू, तू इकडेच ये. एकटी किती दिवस काढणार?" म्हटलं, बाबांच्या ठोकळ्याचा निकाल लागू दे, मग येते.
"आई, तू सिमेंटसाठी थांबलीयस हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"
मग रेडिओ लावला. बातम्या संपल्या तरी बंद केला नाही.

१९ मार्च
सळई केसभर सरकली. सैल सोडली तरी मूळ जागी येत नाही. सुटतही नाही. ह्यांचा विद्यार्थी आता तिथला साहेब झालाय. म्हणाला, "काकू, सरांसारखीच चिवट. विजेचं बिल कुणाच्या नावावर टाकू?"
शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर प्रत्येक बटण ओढून बघायच्या, पुन्हा पुन्हा. म्हणायच्या, "एकदाच ओढलं तर कुठलंही टिकतं."

२ एप्रिल
आज दिवसभरात एकच वाक्य बोलले. दुकानदाराला — "पिशवी नको."

१७ एप्रिल
फेरे पुरे झाले. सळई सुटली नाही. मग तीही जुळीसारखी सरळ ओढून उपटली. ठोकळा तडकताना मी डोळे मिटले.
साहेब आकडा परत परत बघत होता. "काकू, जुळीपेक्षा हिला जास्त जोर लागला. एवढे हाल काढून!"
एका ठोकळ्यावरून नियम काढू नये, असं हे सगळ्यांना बजावायचे.
मी काढला.

१८ एप्रिल
लेकीला कळवायचं — येत नाही. तिचं बाहुलीघर नातीला पाठवायचं. ह्यांचे कोट वॉचमनला, जाड पुस्तकं साहेबाला. दोन पलंगांतला दाराकडचा शेजारणीला, तिच्याकडे पाहुणे फार. खिडकीकडचा ह्यांचा. तो मला.