बुटक्याची धार

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बातमी कसली आणि तू लिहितोस कशी! ‘बाबांनी चाकू बाळगणं सोडलं, आता आम्ही निवांत.’ निवांत? सदरा अंगावर चढवला की आधी खिशात बुटका घालणारा माणूस तो. गोदामात जन्मभर त्याच चाकूने गठ्ठे सोडले, घरी येऊन आपल्या पेन्सिली तासल्या, माझ्या तळव्यातलं कुसळही त्यानेच काढलं. आणि तू लिहितोस जसं काही तंबाखू सोडली!

वर अंगठा कापल्याचं शेवटच्या ओळीत, कागद संपत आला म्हणून कोंबलेलं. काय कापत होते? बुटक्याने की गुंडाळीतल्या दुसऱ्या चाकूने? लोकांनी टाकलेले, मोडक्या मुठीचे चाकू त्यांनी जमवले, मुठी बसवल्या, प्रत्येकाला काम नेमून दिलं. त्यातल्या वाकड्याने फळ सोललं म्हणून मी केवढी बोलणी खाल्लीत! असा माणूस उगाच अंगठा कापून घेत नाही.

दुकानात दुरुस्तीच्या बॅगा साचल्यात, नाहीतर मीच आले असते. छोटी रांगायला लागली म्हणे. आत्याकडून तिचा गालगुच्चा घे. सगळं नीट लिही, उडवाउडवी नको. माया आहे म्हणूनच ओरडते.

तुझी ताई

*

ता. ९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऐकून बायको म्हणाली, ताईंनी शाईऐवजी मिरची वापरली.

बाबा बुटक्याने पार्सलची सुतळी कापत होते. कापेना. जोर लावला, चाकू निसटला आणि अंगठ्यात गेला. जखम वरवरची होती. डॉक्टरांनी मूठ आवळायला लावली, हात ठणठणीत आहे म्हणाले. पण बाबा ऐकतच नाहीत. म्हणतात, साधी सुतळी तुटेना, म्हणजे हातातला जीव गेला. आता फळसुद्धा कुणी चिरून देईपर्यंत बसून राहतात. काल सदऱ्याचं बटण बायकोला लावायला सांगितलं. मधूनच हात खिशाकडे जातो, खिसा रिकामा लागतो, मग तो हात ते मांडीवर ठेवून देतात.

तू बायकोला दोष देऊ नकोस. छोटी हाताला लागेल ते तोंडात घालते. मागे बाबांना खुर्चीत डुलकी लागली तेव्हा तिने त्यांच्या खिशातून बुटका काढला होता. बंद होता, पण तिच्या हातात होता. त्या दिवसापासून बायकोचा जीव टांगणीला.

बाबांनी बुटका तुला द्यायला सांगितलाय. ‘ती वापरेल’ म्हणाले. शेजारचा ट्रकवाला तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. वापर, आणि फार खोलात शिरू नकोस. मीही सध्या लिफ्टची कामं अर्धवट टाकून घरी येतो, कशात लक्ष लागत नाही. आहे तो लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा

*

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद नंतर, आधी ऐक.

ट्रकवाल्याने बुटका दिला. हातातला पट्टा टाकून मी तो नखावर टेकवला. घसरला. वापरून झिजला असता तर मधोमध झिजला असता, कारण काम तिथेच होतं. हा तर टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा घासून बोथट केलाय. पातं उजेडात धरलं तर ओरखडे डाव्या हाताचे. घरात डावखुरा एकच, तू. दगडावर असा सारखा हात फिरवायला बाबांनीच शिकवलं आपल्याला, तू तो उलटा फिरवलास.

छोटीसाठी केलंस, ते मला कळतं. त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. पण बोथट चाकूला जोर लागतो, आणि जोर लावला की तो आपल्यालाच शोधत येतो, हे आपण ऐकत मोठे झालो ना रे? अंगठा भरून येईल. पण म्हातारा आपले हात मेले समजून बसलाय, आणि तू समोर बसून बघतोस! डॉक्टर केलास, जीभ उचलली नाहीस. सांगवत नव्हतं म्हणून चाकूच माझ्याकडे धाडलास. मला काय ते ओळखू येत नाही?

मी धार लावलीय. बॅगेचं जाड कातडं सरसर कापतो. त्याच ट्रकवाल्याबरोबर परत पाठवतेय. मी सांगितलं तर बाबा म्हणतील, पोरगी समजूत घालते. म्हणून सांगायचं तूच. समोर बस, ‘मी बोथट केला’ म्हण, चाकू त्यांच्यापुढे ठेव आणि सुतळी दे. शिव्या देतील, खा. गुंडाळीतलेही घासलेस का? निदान वाकड्याला तरी सोडलंस ना?

दाराच्या चौकटीवर उंच खिळा ठोक. खुर्चीत टेकण्याआधी बुटका खिळ्याला. हे सूनबाईने सांगू दे, तिचं ते ऐकतात.

इथे मी दोन पट्टे तिरपे कापले, गिऱ्हाईक वैतागलं. जीव थाऱ्यावर नाही. पंचवीस तारखेच्या आत उत्तर पाहिजे. तुझं नको, बाबांच्या हातचं, पेन्सिलीने लिहिलेलं. आणि ती पेन्सिल तासली त्याचे ढलपे पाकिटात घाल. बुटक्याचे ढलपे मी आंधळी झाले तरी ओळखीन. नाही आले तर सव्वीसला मी तुझ्या दारात, आणि बाबांना घेऊनच परत फिरेन.

आशीर्वाद तेव्हाच.

ताई