शिडाच्या दोराची खुंटी

दिनू,

मी सकाळच्या गाडीने तळेगावला ओताऱ्याकडे जाते आहे. दुपारपर्यंत येईन. पिठलं झाकून ठेवलं आहे, भात तेवढा लाव.

नावेसाठी तू मागवलेल्या लोखंडी कप्प्या आणि खुंट्या परत पाठव. वळवणच्या तलावात त्या वर्षभरात गंजतील आणि फळ्यांवर डाग पडतील. मी पितळेच्या ओतून आणते. "अक्का, नाव विकायची आहे, तिचं लग्न लावायचं नाही," असं तू म्हणशील, ठाऊक आहे.

काल जुनं सामान उतरवताना भिमाजी सुतार म्हणाला, "ताई, ही शिडाच्या दोराची खुंटी आदी उजवीकडं व्हती. तुमी नाव शिकाय लागला, तवा अण्णांनी डावीकडं घेतली." मी वाकून पाहिलं. उजवीकडची भोकं त्यांनी सागाच्या बुचांनी इतकी नीट बुजवली आहेत, की एवढ्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नाही.

डाव्या हाताने लिहिते म्हणून आत्या माझ्या बोटांवर पट्टी मारायची, तेव्हा अण्णा वर्तमानपत्रातून मान वर काढत नसत. त्यांचं तेरावं झालं तरी तो राग माझ्याकडे शिल्लक होता.

नाव विकायला मी होकार दिला होता, तो मागे घेते. रविवारी बघायला येणाऱ्या गृहस्थांना आजच तसं कळव. भिमाजी आला तर नवी खुंटी डावीकडेच बसवायची, असं त्याला सांग. नाव मी चालवणार आहे.

अक्का