गुरुवारच्या बोटीवरून नवरा उतरवून देणेबाबत

प्रति,
मे. एजंट साहेब,
दर्यादौलत स्टीम कंपनी,
रत्नागिरी बंदर.

विषय: खलाशी आत्माराम शिवलकर यास ता. २६ नोव्हेंबर रोजी आठ दिवसांच्या रजेवर सोडणेबाबत.
संदर्भ: अर्जदारिणीच्या पहिल्या अर्जास आलेले आपले नकाराचे पत्र, ता. ९ नोव्हेंबर १९३६.

मेहेरबान साहेब,

१. अर्जदारीण मथुरा ही सदर खलाशाची बायको, राहणार भाट्ये. लग्नास चार वर्षे झाली, मूल नाही. पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा कंपनी नवऱ्यास रंगकामासाठी मुंबईस डांबते आणि गणपतीत आठ दिवस सोडते. यंदा अर्जदारीण नेमकी चतुर्थीलाच बाजूला बसली. निम्मी रजा त्यातच गेली. एरवी दर गुरुवारी बोट बंदरात थांबते आणि नवरा डेकवरून हात हलवतो. हात हलवून पोरे होत नाहीत, साहेब.

२. आपण लिहिता, वर्षाला आठ दिवस पुष्कळ झाले. आपणांस यातले ओ की ठो कळत नाही. दवाखान्यातील नर्स सोनूबाई यांनी समजावले ते असे: गर्भाशयाचे अस्तर दर महिन्याला नव्याने जाड नि मऊ होते, रक्ताने भरते. पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाईचे बीज सुटते. ते फळले, तर आठवडाभराने हे अस्तर गर्भाला आत रुजवून घेते, चिखल केलेल्या खाचरात भाताचा तरवा रुजावा तसे. गर्भ आलाच नाही तर अस्तर गळून जाते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्यास गणपती कळत नाही, कंपनीचे नियमही कळत नाहीत.

३. अर्जदारीण या खेपेस चौदा तारखेस बसली. पुढची पाळी १२ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे बीज २८ नोव्हेंबरच्या आसपास सुटणार. सबब २६ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर हेच दिवस हवेत. आज चौथा दिवस. घरात कशालाच शिवायचे नसल्याने अर्ज सवडीने लिहिला आहे. नवऱ्यास तो ठाऊक नाही, लाजेने समुद्रात उडी घेईल.

४. आपल्या नियमात रजेची कारणे तीनच: आजार, मयत, लग्न. सासूबाई गोदूबाई यांनी "हिची कूस काय उजवायची नाय" म्हणत माघात लेकाचे दुसरे लग्न ठरवले आहे. त्याला आपण रजा द्याल! दुसरी आणायला रजा, आणि पहिलीपाशी यायला नाही? वा रे नियम! अर्जदारीण हे मुकाट्याने सोसणार नाही.

५. रजा न मिळाल्यास अर्जदारीण २६ तारखेस रीतसर तिकीट काढून, पडावातून जाऊन बोटीवर चढेल व आठ दिवस नवऱ्यापाशी खलाशांच्या खोलीत राहील. त्या खोलीत आणखी सहाजण झोपतात असे समजते. त्यांची सोय कंपनीने करावी.

आपली, २६ तारखेपर्यंत नम्र,
मथुरा आत्माराम शिवलकर
भाट्ये, ता. १७ नोव्हेंबर १९३६