भाडेपट्ट्यावर राहून गेलेले नाव

मी, वय एकोणऐंशी, धंदा तसबिरी मढवण्याचा, शिक्षण सातवी नापास, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. नजर अधू झाली आहे, डोके नाही. खाडाखोड आहे तिथे बाजूला सही केली आहे, उगाच शंका नको. मुलाच्या नावे केलेले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

एक. दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट मला वडिलांकडून आला. जमीन आपली नाही. भाडेपट्ट्याची एकतीस वर्षे उरली आहेत. ती सगळी मी धाकट्या बहिणीला देत आहे.

कारण लिहिणे भाग आहे. वडील गेल्यावर पट्ट्यावर आम्हा दोघांची नावे लागायला हवी होती. मला वाटले, एकच नाव चालते. तिला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितले. ती म्हणाली, "वाचत काय बसू, दादा? बोट ठेव, तिथे करते." मी बोट ठेवले. आठ दिवसांनी कचेरीतला कारकून म्हणाला, "दोन नावे चालली असती की, काका. कोणी सांगितलं तुम्हाला?" कोणीच नाही. घरी येऊन तो कागद कपाटात ठेवला, तिला सांगितले नाही. आधी लाज वाटत होती, मग तीच सोय झाली. वडिलांचे आजारपण तिने नऊ वर्षे काढले. तरी पुढे बावीस वर्षे मी लोकांना सांगत आलो, बहीण माझ्याकडे राहते.

दोन. दुकान मुलाला. त्याने रागावू नये. तो म्हणतो, "फ्लॅट विकू, आत्याला एखादी खोली बघू." म्हणूनच घाईने हे लिहिले.

तीन. काच कापायची हिरकणी दुकानातल्या कारागिराला. वरच्या मास्तरांना माफ करणार होतो, पण त्यांच्या न्हाणीघराखालचे माझे छत अजून ओले आहे.

चार. नावबदलाला जमीनमालकाची लेखी परवानगी लागते. हे मृत्युपत्र तपासणाऱ्या वकीलबाईंनी माझ्यामागे महिन्याच्या आत अर्ज करावा. बहीण नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून शेजाऱ्यांना बोलावले. बहिणीने आताच डोकावून विचारले, "कसले कागद, दादा?"

"दुकानाचे."

"मग आधी चष्मा तरी लाव," म्हणाली आणि आत गेली.

आज तरी खरे सांगायला हवे होते. साक्षीदार खाली बघत होते. मी सही केली.

सही: थोरला भाऊ

साक्षीदार: १. शेजारचे निवृत्त कंपाउंडर २. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई

ठिकाण: याच फ्लॅटची बाहेरची खोली

दिनांक: चौदा, मंगळवार