उजवीकडची झाडं

रविवार, ८ सप्टेंबर

प्रिय लंबू,

तुझे गुडघे आता कसे आहेत? नातू पावलं टाकायला लागला असेल. माझं म्हणशील तर ठणठणीत आहे, रक्तदाब डॉक्टरांना आवडेल इतकाच आहे. तुझ्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालते. एक सोडून सगळ्या जिवंत आहेत, आणि जी गेली ती तू असतानाच मरायला टेकली होती, त्यामुळे माझ्यावर आळ घेऊ नकोस.

आपल्या तबकडीच्या मैदानाचं सविस्तर लिहिते, कारण फोनवर तू "बाकी काय?" विचारतेस आणि तेवढ्यात तिकडे कुणीतरी रडायला लागतं.

पाच नंबरच्या टोपलीखाली पाणी साचायचं, तिथे दगडाची कच आणून पसरली. सगळ्या साखळ्यांना तेल दिलं. आठ नंबरच्या वाटेतली आडवी फांदी, जिला तू दर खेपेला शिव्या घालायचीस, ती माळ्याच्या मागे लागून छाटून घेतली. नंबरांच्या पाट्या इंग्रजी आकड्यांत रंगवल्या. माझा तीन आठसारखा दिसतो असं तू म्हणायचीस. आता दोन्ही पाट्या शेजारी ठेवल्या तर मलाही फरक कळत नाही. आपण दोघी शाळेतून निवृत्त झालो आणि तू गणिताच्या बाईंच्या थाटात फीत घेऊन हे मैदान आखलंस, त्या वर्षीही ते इतकं देखणं नव्हतं. फक्त खेळायला कुणी येत नाही.

म्हणजे माणसं येतात. कुत्री फिरवायला येतात. एक आजोबा चार नंबरच्या टोपलीत आपली पिशवी ठेवून व्यायाम करतात आणि मी तबकडी घेऊन उभी राहिले की माझ्याकडेच रागाने बघतात.

तर उद्यान खात्यात नवे साहेब आलेत. त्यांनी बोलावून सांगितलं, "बाई, या टोपल्या वापरात नसतील तर काढून टाकू. तिथे बाकं बसवता येतील." हा खेळ काय आहे तेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, गोल्फच आहे, फक्त काठी आणि चेंडूऐवजी तबकडी फेकायची आणि ती भोकात नाही, साखळ्यांच्या टोपलीत पडली पाहिजे. म्हणाले, "महिन्याभरात येऊन बघतो. लोक येत असतील तर जमीनच सांगेल. टोपलीभोवतीचं गवत तुडवलेलं नसेल तर समजायचं, कुणी येत नाही."

आणि मी काय करून ठेवलं होतं? वर्षभर त्याच गवताची निगा राखली होती. टोपल्यांभोवती नुसता गालिचा.

आता हस. "गवतावरून चालू नका" म्हणून जन्मभर पोरांवर ओरडलेली खेळाची बाई मी, रोज सकाळी टोपल्यांभोवती फेऱ्या मारायला लागले. कुंपणानेच शेत खाल्लं म्हण. आधी माझे बूट घातले. मग हे गेल्यापासून कपाटात पडून असलेले त्यांचे बूट, आत मोजे कोंबून, म्हणजे ठसे वेगळे दिसावेत. मग तुझ्या दाराआडच्या चपला. जिथून तबकडी फेकतो त्या फरशीपुढे इतके पाय घासले की माती उघडी पडली. कुत्रीवाले लोक मला बघून वाट बदलायला लागले, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

परवा साहेब आले. मी खाली बोट दाखवतेय आणि साहेब आपले वर बघताहेत. झाडांचा माणूस निघाला. तीन नंबरला थांबून खोडांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उजवीकडचीच झाडं का हो मार खातात? डावीकडच्या खोडांवरचे व्रण सगळे भरून आलेत."

मला कुणी प्रश्न विचारला की माझ्यातली बाई जागी होते. हातात खडू असल्यासारखी मी सुरू झाले. उजव्या हाताने फेकलेली तबकडी जाता जाता डावीकडे वळते, डावखुऱ्याची उजवीकडे, त्यामुळे ज्या बाजूला... आणि माझं मलाच ऐकू आलं.

"म्हणजे इथे सगळे डावखुरेच खेळतात?"

भला माणूस आहे, हसला नाही. मी म्हटलं, "नाही हो. मी एकटीच खेळते." हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. घरी येऊन खूप रडले. मैदानासाठी नाही रडले.

डावीकडची झाडं तुझी, लंबू. ती बरी झाली. झाडांच्या दृष्टीने ते चांगलंच आहे.

एका माणसासाठी नऊ टोपल्या ठेवायला वरून कुणी परवानगी देणार नाही, असं साहेब म्हणाले. नेहमी खेळणाऱ्या दोघांची नावं द्या, पुढचं मी सांभाळतो, म्हणाले. "तुमच्याबरोबर आणखी एक बाई असायच्या ना? माळी सांगत होता." तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण मी ते दिलं नाही. का दिलं नाही, तेवढंच खरं मला लिहायचं होतं, बाकी सगळं पाल्हाळ झालं.

तुझ्या मुलाचा फोन आला होता. "मावशी, किल्ली तुमच्याकडेच आहे ना? घर विकायला काढलंय, लोक बघायला येतील." मी म्हटलं, कुलूप अडकतंय. पुन्हा आला तेव्हा म्हटलं, मी बाहेरगावी आहे. त्यानंतर आला तो उचललाच नाही. पोरावर राग नाही माझा. त्याला वाटतंय, तू मला केव्हाच सांगितलं असशील. आणि आपण दोघी दर रविवारी काय बोलतो? तू हवापाणी सांगतेस, मी कुंड्या सांगते. अळीमिळी गुपचिळी. दोन महिन्यांत येते म्हणून गेलीस त्याला वर्ष उलटलं, आणि मी अजून दोनच महिने झाल्यासारखी वागते आहे.

तुझं चुकलं असं म्हणत नाही. मांडीवरचा नातू सोडून चिखलात तबकड्या फेकायला कोण येईल? तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते. पण मी सांगितलं असतं गं. तोंडाने जमलं नसतं तर पत्राने सांगितलं असतं.

तेव्हा आता एवढं कर. येणार असशील तर तसं लिही. नसशील तर नुसतं 'नाही' लिही, पण स्वतःच्या हाताने. मुलाचा निरोप मी धरणार नाही. तुझं 'नाही' आलं की त्याच दिवशी घर उघडीन, खिडक्या पुसून ठेवीन, सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं तेही येणाऱ्यांना दाखवीन. मग साहेबांकडे जाऊन सांगेन, काढून घ्या टोपल्या. दुसरं नाव शोधत फिरणार नाही. मला मैदान कुठे हवं होतं? मला तू हवी होतीस. मैदान नीट ठेवलं तर तू परत येशील, असं काहीतरी मनात धरून बसले होते, या वयात.

माझी काळजी करू नकोस, असं पत्राच्या शेवटी लिहायची पद्धत आहे. थोडी कर.

तुझी वाट बघणं थांबवायचं की नाही, हे तुझ्याच अक्षरात वाचायला थांबलेली,

बुटकी